२१४७४८३६४७ : बारा वर्षं वापरून लिहिलेला रिव्ह्यू, पाचपैकी साडेचार

रिव्ह्यू लिहायला जरा उशीरच झालाय कारण हा आकडा मी बारा वर्षं वापरतेय आणि त्यातली पहिली दोन वर्षं तर मला माहीतच नव्हतं की मी तो वापरतेय.

झालं असं की आमच्या एका जुन्या प्रोजेक्टमधे ग्राहकांचे फोन नंबर ठेवायला एक टेबल होतं आणि कुणीतरी अतिशहाण्याने तो कॉलम इंटीजर (पूर्णांक) ठेवला होता (ती अतिशहाणी मीच, आता इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही). टेस्टिंगला १२३४५ वगैरे टाकून बघितलं, मस्त चाललं, मग खरा डेटा भरला. आणि एक दिवस सपोर्टवाली मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणते, "ताई, या सगळ्या लोकांनी मिळून एकच फोन घेतलाय का?" बघितलं तर खरंच, शेकडो ओळी, नावं वेगळी, पत्ते वेगळे आणि फोन सगळ्यांचा २१४७४८३६४७. दहा आकडी असल्यामुळे तो फोन नंबरसारखाच दिसतो हो, म्हणून आठवडाभर कुणाला संशयही आला नाही. ३२ बिटांच्या (० किंवा १ च्या ३२ घरांच्या) सही असलेल्या, म्हणजे अधिक-उणे चिन्ह धरणाऱ्या, इंटीजरमधे याच्यापेक्षा मोठं काही मावत नाही आणि आमचा डेटाबेस मोठा आकडा दिला की बोंब न मारता गुपचूप कमाल किंमत लिहून मोकळा व्हायचा. झालं. खरे नंबर सगळे गेले, बॅकअपमधून काढत बसलो.

तर बहुतेक लोकांची या आकड्याशी ओळख अशीच होते, भांडणातून. लोक याला भिंत म्हणून ओळखतात, "इंटमॅक्स". पण भिंत म्हणून त्याचं कौतुक करण्यात काही अर्थ नाही कारण ते काम करायला ३१ बिट सगळे एक केले की झालं, १५ बिट एक केले तरी ३२७६७ ची भिंत होते. पण ३२७६७ म्हणजे ७ × ३१ × १५१, आणि आपल्या ह्याला मात्र १ आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. हा मूळ संख्या आहे. प्राईम. हे मला कळलं त्या दिवशी मी त्याला माफ केलं, आणि हा रिव्ह्यू त्या बाजूचा आहे.

आधी ओळख. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. म्हणजे २^३१ − १, दोनचा एकतिसावा घात वजा एक. बायनरीत लिहिला तर ३१ एक ओळीने, दुसरं काही नाही, उलटा वाचा सुलटा वाचा सारखाच. अशा २^न − १ प्रकारच्या प्राईमना मर्सेन प्राईम म्हणतात आणि हा त्यातला आठवा (घात २, ३, ५, ७, १३, १७, १९ आणि मग ३१). मर्सेन साहेबांनी १६४४ मधे २५७ पर्यंतच्या घातांची यादी दिली होती, त्यात ६७ आणि २५७ चुकीचे घुसले आणि ६१, ८९, १०७ राहून गेले, पण ३१ बरोबर होता. आणि एकूण सगळ्या प्राईमची रांग लावली, २, ३, ५, ७ करत, तर याचा नंबर १०,५०,९७,५६५ वा लागतो. त्या रांगेत याच्या आधीचा २१४७४८३६२९ आणि नंतरचा २१४७४८३६५९, म्हणजे मागे १८ पुढे १२, शेजार तसा विरळ आहे, जुळा भाऊ (दोनच्या अंतरावरचा प्राईम) नाही. अधिक दोन केलं तर ३ × ७१५८२७८८३ होतं आणि त्यातला ७१५८२७८८३ पुन्हा स्वतः प्राईम निघतो, हे मला फार आवडलं, उगाचच.

आता क्वालिटी चेक. प्राईम आहे हे कशावरून? साधा हिशोब असा की वर्गमुळापर्यंतचे सगळे प्राईम लावून बघायचे. ४६३४० चा वर्ग याच्या खाली राहतो आणि ४६३४१ चा वर जातो, म्हणजे ४६३४० पर्यंतचे प्राईम तपासायचे, ते निघतात पावणेपाच हजाराच्या वर. हाताने करायचं म्हटलं तर देव आठवेल. पण गणितज्ञ ऑयलरने १७७२ मधे हे सिद्ध करून दाखवलं, आणि तोवर त्याची नजर जवळजवळ पूर्ण गेलेली होती, म्हणजे आपण कॅल्क्युलेटर घेऊन बसायचं आणि रडायचं, तो डोक्यात करणार.

त्याची युक्ती समजून घ्यायला मला तीन वेळा वाचावं लागलं, पण एकदा कळली की इतकी सोपी वाटते की स्वतःचाच राग येतो. समजा क नावाचा प्राईम याला भाग घालतो. म्हणजे क च्या हिशोबात (क ने भागून) २^३१ ची बाकी १. आता ३१ स्वतः प्राईम असल्यामुळे दोनचे घात बरोबर ३१ पायऱ्यांनीच पुन्हा एकवर येतात, त्याच्या आधी नाही, आणि फर्मा या गणितज्ञाच्या नियमाने क − १ पायऱ्यांनी तर यावेच लागतात, म्हणून क − १ ला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. क विषम, म्हणजे ६२ नेही गेला. झालं, क हा ६२ च्या पटीत अधिक एक असाच असू शकतो. वर आणखी एक गाळणी: २^३१ ची बाकी १ म्हणजे २^३२ ची बाकी २, म्हणजे २^१६ चा वर्ग २ झाला, म्हणजे क च्या दुनियेत दोनला वर्गमूळ आहे, आणि ते असायला क ला आठने भागून बाकी १ किंवा ७ च यावी लागते. दोन्ही अटी एकत्र केल्या की उरतात फक्त २४८ च्या पटीत अधिक १ आणि २४८ च्या पटीत अधिक ६३.

आता मोजा. ४६३४० पर्यंत असे उमेदवार ३७३. त्यातले जे स्वतःच प्राईम नाहीत ते काढले (२४९ ला ३ ने भाग जातो, ४९७ ला ७ ने, असं करत) की ऐंशीच्या आसपास भागाकार उरतात. कुठे पावणेपाच हजार आणि कुठे ऐंशी! पहिला खरा उमेदवार ३११. मी एका रविवारी कागदावर केला, ३११ × ६९०५०९२ = २१४७४८३६१२, बाकी ३५. पुढचे पाच-सहा केले, मग मान अवघडली आणि स्क्रिप्ट लिहिली. पण ते पाच-सहा केल्याशिवाय ऑयलर काय चीज होता ते कळत नाही, करून बघाच.

त्यानंतर हा आकडा जवळपास शतकभर जगातला सगळ्यात मोठा माहीत असलेला प्राईम होता. १८११ मधे पीटर बार्लो नावाच्या गणितज्ञाने तर लिहून टाकलं की याच्यापासून बनणारी परिपूर्ण संख्या ही बहुधा शोधली जाणारी शेवटचीच, कारण या गोष्टी नुसत्या गमतीच्या आहेत, उपयोग शून्य, पुढे जाण्याच्या फंदात कोण पडणार. (परिपूर्ण म्हणजे स्वतः सोडून बाकी सगळ्या भाजकांची बेरीज केली की जी स्वतःच येते ती, ६ आणि २८ सारखी. याच्यापासून येते २३०५८४३००८१३९९५२१२८, तीही आठवी.) बार्लोबुवा आज असते तर काय म्हणाले असते कुणास ठाऊक, ऑक्टोबर २०२४ मधे सापडलेला २^१३६२७९८४१ − १ हा ४,१०,२४,३२० आकडी आहे. लोक फंदात पडले, जोरात पडले.

हल्ली मर्सेन प्राईम तपासायला भागाकार करत बसत नाहीत, लुकास-लेमर टेस्ट लावतात, आणि ती या आकड्यावर शिकणं म्हणजे सुख आहे, मुद्दाम हाच आकडा घ्या. चारपासून सुरू करायचं, वर्ग करायचा, दोन वजा करायचे, आणि मोठं झालं की २१४७४८३६४७ ने भागून बाकी ठेवायची. ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. इथपर्यंत भागायचीही गरज पडत नाही. पुढची पायरी मात्र थेट २००५९५६५४६८२२७४६११४ वर जाते आणि इथे खरी मजा आहे, कारण भागाकार करायचाच नाही! २^३१ ची बाकी १ आहे ना, मग आकडा ३१ बिटांवर कापायचा, वरचा तुकडा ९३४०९६३०७, खालचा १८८३०५८१७८, दोघांची बेरीज २८१७१५४४८५, ती मोठी झाली म्हणून एकदा आपला आकडा वजा, आलं ६६९६७०८३८. संपलं. एकोणीस आकडी संख्येची बाकी एका बेरजेत आणि एका वजाबाकीत. असं करत २९ व्या पायरीला शून्य आलं की प्राईम, नाही आलं तर नाही. पहिल्यांदा स्क्रीनवर ते शून्य आलं तेव्हा मी एकटीच खुर्चीत टाळी वाजवली होती, घरचे बघत राहिले.

रोजच्या वापराबद्दल. मी याचा मुख्य वापर मॉड म्हणून (ज्याने भागून बाकी घ्यायची तो आकडा) करते, हॅश (मोठ्या डेटाचा छोटा ओळख-आकडा) काढायला आणि कधीकधी रँडम आकडे पाडायला. रँडमचं मशीन तर या आकड्याचं जुनं काम. मागच्या आकड्याला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्या, तोच पुढचा आकडा. १ पासून निघालात तर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३. दोनच ओळींत लगेच वाटतं की वा, काही पॅटर्न नाही. १९८८ मधे पार्क आणि मिलर या दोघांनी किमान हे तरी वापरा म्हणून याची शिफारस केली आणि तुमचं मशीन बरोबर चाललंय का ते बघायची खूणही आहे, १ पासून सुरू करून दहा हजारावा आकडा १०४३६१८०६५ आला पाहिजे. माझा पहिल्या वेळेला आला नाही, गुणाकार ६४ बिटांत करायला विसरले होते.

१६८०७ च का? कारण तो ७^५ आहे आणि ७ चे घात घेत गेलं तर या आकड्याच्या दुनियेतले १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतचे सगळेच्या सगळे आकडे एकेकदा येऊन मगच चक्र पूर्ण होतं, मधे एकही सुटत नाही एकही दोनदा येत नाही. ७ च्या खालच्या कुणाला हे जमत नाही. बिचारा २ तर ३१ पायऱ्यांतच घरी परत येतो. आणि सातचा पाचवा घात चालतो कारण २१४७४८३६४६ ला ५ ने भाग जात नाही. पण आजच्या काळात हे खेळण्यापुरतंच वापरा, कारण दोन अब्जांचं अख्खं चक्र आजचं साधं मशीन काही सेकंदांत संपवतं आणि एक आकडा दिसला की पुढचे सगळे कुणीही सांगू शकतो.

वर्गमूळ काढायची सोय हा या आकड्याचा फार कमी लोकांना माहीत असलेला फीचर. चारने भागून बाकी ३ येते म्हणून (त्याच कारणाने हा दोन वर्गांची बेरीज म्हणून कधीच लिहिता येत नाही) एखाद्याला वर्गमूळ असेल तर ते त्याचा २^२९ वा घात घेऊन मिळतं. म्हणजे काय, तर नुसता २९ वेळा वर्ग करत जायचं. मधे कसला विचार नाही, काही नाही. बाकीच्या प्राईममधे यासाठी घाताचे बिट बघत कधी गुण कधी वर्ग करावं लागतं, इथे डोळे मिटून.

आता तक्रारी, कारण साडेचार दिलेत तर अर्धा कुठे गेला ते सांगायला हवं.

पहिली आणि सगळ्यात चिडचिड करणारी: शून्याचे दोन चेहरे. ते कापून बेरीज करायचं जे मी वर इतकं कौतुकाने सांगितलं, त्यात खुद्द २१४७४८३६४७ च आत गेला तर काय होतं? वरचा तुकडा ०, खालचा तुकडा तोच, बेरीज तोच. म्हणजे बाकी शून्य यायला हवी तिथे २१४७४८३६४७ तसाच बाहेर येतो. माझ्या हॅशमधे दोन अगदी सारख्या फाइली वेगळ्या म्हणून लागत होत्या, दोन वेगवेगळ्या फंक्शनमधून त्यांचा हॅश निघायचा आणि एकीला ० यायचा, दुसरीला हा. तीन रात्री गेल्या. उपाय एका ओळीचा आहे, शेवटी एकदा तपासा आणि समान असेल तर वजा करा, पण ती ओळ आपण लिहिलेली नसते हेच तर दुखणं.

दुसरी: काठावरचा स्वभाव. पाथ शोधायच्या प्रोग्रॅममधे लोक "अनंत" म्हणून हाच भरतात, मग त्यात कुणीतरी १ मिळवतं आणि सही असलेल्या ३२ बिटांत तो बहुतेक मशीनवर −२१४७४८३६४८ होऊन बसतो, म्हणजे सगळ्यात लांबचं गाव एकदम सगळ्यात जवळचं. दोन बाक्या मिळवतानाही तेच, बिनसहीचा प्रकार घेतला तर मावतात (जास्तीत जास्त ४२९४९६७२९२ होते, जागा ४२९४९६७२९५ पर्यंत आहे, काठोकाठ), सहीचा घेतला तर गेलात. इथे १००००००००७ वाले लोक आपल्याला हसतात, त्यांचा आकडा २^३० च्या खाली असल्यामुळे बेरीज आरामात बसते. कोडिंग स्पर्धांत तोच चालतो आणि त्याचं मला वाईट वाटत नाही, लक्षात ठेवायलाही सोपा आहे. आणि मोठ्या पॉलिनॉमियलचे (बहुपदींचे) गुणाकार भराभर करायचे असतील तर ९९८२४४३५३ घ्या, तो ११९ × २^२३ + १ आहे, त्यातून एक वजा केला की दोन २३ वेळा मिळतो आणि त्या गुणाकारांना तेच लागतं, आपल्याकडे २१४७४८३६४६ मधे दोन फक्त एकदाच.

तिसरी तक्रार तक्रार नाही, इशारा आहे. कुलूप म्हणून वापरू नका! कुणीतरी "मोठा प्राईम आहे, एन्क्रिप्शनला चालेल" म्हणून हा घेतलेला मी डोळ्यांनी बघितलाय. एक तर दहा आकडी म्हणजे त्या जगात रांगतं बाळ, तिथे शेकडो आकड्यांचे प्राईम लागतात. आणि दुसरं म्हणजे २१४७४८३६४६ फोडला तर २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१, सगळी चिल्लर. असं असलं की घातांक लपवून ठेवायचा जो काही खेळ आहे तो एकेका तुकड्यात वेगळा सोडवता येतो, सगळ्यात मोठा तुकडा ३३१ चा. ३३१ शक्यता तर माणूस वहीत तपासेल.

तारखेचा प्रॉब्लेम बऱ्याच जणांना माहीतच असेल, १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारी कॉम्प्युटरमधली जुनी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला यूटीसी ०३:१४:०७ वाजता याच आकड्यावर येऊन थांबतील आणि पुढच्या सेकंदाला उलटतील. २०१४ मधे एका कोरियन गाण्याचे व्ह्यूज याच्या पुढे जायला लागले तेव्हा यूट्यूबने काउंटर ६४ बिटांचा करून घेतला. पण हे भिंतीचे किस्से, प्राईम असण्याशी यांचा काडीचा संबंध नाही, मी यासाठी मार्क कापले नाहीत.

एक गंमत मात्र राहिली. याचा घात ३१ हा स्वतःही मर्सेन प्राईम आहे, २^५ − १. म्हणजे हा दुहेरी मर्सेन, आणि असे आजवर चारच माहीत आहेत, ७, १२७, हा, आणि २^१२७ − १. मग साहजिकच कुणालाही वाटेल की हाच घात म्हणून चढवला तर? २^२१४७४८३६४७ − १? मलाही वाटलं. तो नाहीये प्राईम. त्याला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो. आणि हा भाजक बघा कसा आहे, १३७४९० × २१४७४८३६४७ + १. तीच ऑयलरची गाळणी, ६२ च्या जागी दुप्पट केलेला आपला आकडा. साठ कोटींच्या वर अंक असलेली संख्या आणि तिला पाडायला पंधरा आकडी भाजक पुरला.

आणि ज्या गोष्टीमुळे मी चारचे साडेचार केले ती अलीकडची आहे. वर म्हटलं ना की वजा एक केल्यावर दोन एकदाच मिळतो, म्हणून भराभर गुणाकार जमत नाहीत. पण अधिक एक करा! तो तर अख्खा २^३१ आहे. या आकड्याच्या दुनियेत क्ष वर्ग अधिक य वर्ग बरोबर १ असं वर्तुळ काढलं तर त्यावर बरोबर २१४७४८३६४८ बिंदू बसतात, आणि तेवढे बिंदू अर्धे, त्याचे अर्धे, त्याचे अर्धे असे शेवटपर्यंत कापत जाता येतात. २०२४ मधे सर्कल स्टार्क नावाने जी पद्धत आली ती याच वर्तुळावर उभी आहे, एखादं मोठं गणित बरोबर झालंय याचा पुरावा झटपट द्यायला. उपयोग शून्य म्हणून १८११ मधे मोडीत काढलेला माल हा.

कुणी घ्यावा: हॅश लिहिणाऱ्यांनी, लुकास-लेमर शिकणाऱ्यांनी, रविवारी कागद-पेन घेऊन बसायची हौस असलेल्यांनी. ३१ बिट कमी पडत असतील तर थेट २^६१ − १ वर जा, तोही मर्सेन, १८८३ मधे पेर्वुशिन नावाच्या रशियन पाद्रीने सिद्ध केलेला, कापून बेरीज करायची युक्ती तिथेही तशीच चालते आणि शून्याचे दोन चेहरेही तसेच आहेत, ती एक ओळ विसरू नका.

फोन नंबरचा कॉलम आता टेक्स्ट आहे.